एनव्हिडियाची बातमी आली की काय करायचं: कोल्हापुरातून अमेरिकी शेअर घेणाऱ्यांसाठी पायऱ्या

राजारामपुरीतले दुकानदार, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले इंजिनिअर, करवीर-कागलचे ऊसवाले, शाहूपुरीतले डॉक्टर. मोबाईलवरून एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचा शेअर घेतलेली माणसं आता सगळीकडे भेटतात, आणि बहुतेकांची चूक एकच असते. बातमी दिसली की ते आधी भाव बघतात, मग ऑर्डर टाकतात आणि भाव का हलला हे शेवटी शोधतात. हा क्रम उलटा आहे. चांगली बातमी वाचून महाग घेतलं आणि वाईट बातमी वाचून स्वस्त विकलं, हे या उलट्या क्रमामुळेच होतं.

शेअर घ्यावा की नाही, हे मी इथे सांगणार नाही. बातमी आल्यावर कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, एवढंच मांडतो.

## बातमी येण्याआधीची तयारी

अर्ध्याहून जास्त काम इथेच होतं. ही तयारी नसेल, तर पुढच्या पायऱ्या वाचून फारसा उपयोग नाही.

वहीत तीन ओळी लिहा. शेअर का घेतला, काय घडलं तर विकणार आणि एकूण बचतीतला जास्तीत जास्त किती हिस्सा यात ठेवणार. नमुना देतो: "डेटा सेंटरच्या (मोठ्या संगणक केंद्रांच्या) चिपांची मागणी वाढतेय म्हणून घेतला. सलग दोन तिमाहीत डेटा सेंटरची विक्री आधीच्या तिमाहीपेक्षा घटली तर अर्धे विकणार. बचतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ देणार नाही." विकण्याच्या ओळीत शेअरचा भाव लिहू नका, धंद्यातली घटना लिहा. भाव रोज हलतो आणि प्रत्येक वेळी तुम्हाला नव्यानं ठरवायला लावतो.

निकालांचं वेळापत्रक भिंतीवर लावा. एनव्हिडियाचं आर्थिक वर्ष जानेवारीच्या शेवटच्या रविवारी संपतं. तिमाही निकाल साधारण फेब्रुवारीच्या शेवटी, मेच्या शेवटी, ऑगस्टच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतात. नेमकी तारीख कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाच्या पानावर आधीच जाहीर होते. वर्षाच्या नावात मात्र बरेच जण फसतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलेली तिमाही कंपनीच्या हिशेबात 'आर्थिक वर्ष २०२६ ची तिसरी तिमाही' होती. ते वाचून काही जणांना वाटलं की हे आकडे पुढच्या वर्षाचे अंदाज आहेत. प्रत्यक्षात ती झालेली विक्री होती.

आपल्या घड्याळातल्या वेळा लिहून ठेवा. अमेरिकेतला बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री १:३० आणि हिवाळ्यात रात्री ८ ते २:३० चालतो. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात, तेव्हा हा एक तास इकडचा तिकडे होतो. एनव्हिडियाचा निकाल बाजार बंद झाल्यावर साधारण वीस मिनिटांनी येतो. म्हणजे आपल्याकडे रात्री १:५० किंवा २:५०. अधिकाऱ्यांचं विश्लेषकांशी बोलणं २:३० किंवा ३:३० ला सुरू होतं. तुम्ही सकाळी चहा घेत बातमी वाचता, तेव्हा बाजार बंद होऊन चार-पाच तास झालेले असतात आणि पुढचा उघडायला अजून बारा तास असतात. हे बारा तास तुमच्या हातात आहेत, आणि ते वापरण्यासाठीच पुढच्या पायऱ्या आहेत.

पैशाची वाट आधी मोकळी करा. परदेशात शेअर घ्यायला पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत रेमिटन्स योजनेतून जातात. मर्यादा एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांच्या वर पैसे पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा होणारा कर) कापते. १२ लाख पाठवले तर २ लाखांवर ४०,००० रुपये. हा कर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. ही १० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. पाठवायच्या दिवशी बँकेत चालू दर विचारून घ्या.

बँकेतला पैसा तिकडच्या खात्यात जमा व्हायला वेळ लागतो. त्यामुळे आज भाव पडला म्हणून आज कोल्हापुरातून पैसे पाठवून आजचा भाव मिळत नाही. पडझडीत घ्यायचं असेल, तर डॉलर आधीच खात्यात हवेत.

> सावध: उसाचं बिल एकरकमी येतं. गाळप हिवाळ्यात असल्यानं ते बहुधा डिसेंबर ते एप्रिलमध्ये हातात पडतं, आणि एनव्हिडियाचा फेब्रुवारीचा निकाल नेमका याच काळात येतो. हातात रक्कम आणि समोर मोठी बातमी असताना सगळे पैसे एका रात्रीत घातले जातात. बिल आल्या दिवशीच रकमेचे चार-पाच भाग करा आणि प्रत्येक भागाची तारीख लिहा. बातमीनं ती तारीख हलवायची नाही.

## पायरी १: बातमी कधीची आहे ते बघा

पहिला प्रश्न हा, कारण बातमी तुमच्यापर्यंत पोचली तो क्षण आणि ती घडली तो क्षण यांत बराच फरक असतो.

२७ जानेवारी २०२५ च्या सोमवारी एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के पडला. कंपनीच्या बाजारमूल्यातून जवळपास ५९० अब्ज डॉलर गेले. अमेरिकेतल्या कोणत्याही कंपनीची तोवरची ती एका दिवसातली सर्वांत मोठी घट होती. कारण होतं डीपसीक या चिनी कंपनीचं स्वस्तात तयार झालेलं एआय मॉडेल. पण ते आर१ मॉडेल २० जानेवारीलाच बाहेर आलं होतं, आणि ज्या ५६ लाख डॉलर खर्चाची एवढी चर्चा झाली तो आकडा आधीच्या व्ही३ मॉडेलच्या डिसेंबरमधल्या अहवालातला होता. शिवाय त्या अहवालात तो फक्त शेवटच्या प्रशिक्षणाचा खर्च आहे, आधीचं संशोधन आणि प्रयोग त्यात धरलेले नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ९ टक्के वर आला.

मंगळवारी सकाळी इकडे मथळे वाचून ज्यांनी रात्री बाजार उघडताच विकायची ऑर्डर लावली, त्यांनी आठवडाभर जुन्या बातमीवर आणि अर्धवट वाचलेल्या आकड्यावर तळाजवळ विकलं.

> तपासा: बातमीच्या बाजूला वहीत दोन वेळा लिहा, घटना कधी घडली आणि त्यानंतर बाजार एकदा तरी उघडला होता का. उघडला असेल, तर ती बातमी भावात शिरलेली आहे असंच धरून चाला.

## पायरी २: मूळ कागद उघडा

मार्केट यार्डात गुळाचा व्यापारी रवा (गुळाची ढेप) बघितल्याशिवाय, चव घेतल्याशिवाय बोली बोलत नाही. इथेही तसंच, आधी माल बघायचा. अमेरिकेत नोंदलेल्या प्रत्येक कंपनीची कागदपत्रं तिथल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या एडगर या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तुम्हाला चारच कागद ओळखता आले तरी भागतं:

- ८-के: अचानक घडलेली महत्त्वाची घटना, निकालाची घोषणाही यातच
- १०-क्यू: तिमाहीचा सविस्तर हिशेब
- १०-के: वर्षाचा हिशेब आणि धोक्यांची यादी
- फॉर्म ४: अधिकाऱ्यांनी स्वतःचे शेअर घेतले किंवा विकले त्याची नोंद

इंग्रजी कागदाची भीती वाटत असेल, तरी ८-के बहुधा दोन-तीन पानांचा असतो हे लक्षात घ्या. १५ एप्रिल २०२५ चा घ्या. त्यात चारच गोष्टी होत्या. चीनला जाणाऱ्या एच२० चिपसाठी यापुढे परवाना लागेल, असं अमेरिकी सरकारनं ९ एप्रिलला कळवलं. ही अट अनिश्चित काळ राहील, असं १४ तारखेला कळवलं. २७ एप्रिलला संपणाऱ्या तिमाहीत जास्तीत जास्त सुमारे ५.५ अब्ज डॉलरचा बोजा धरावा लागेल. आणि हा बोजा पडून राहिलेल्या मालाचा आणि त्या मालासाठी आधी दिलेल्या खरेदीच्या शब्दाचा आहे. मथळ्यांत मात्र "साडेपाच अब्जांचा तोटा" एवढंच आलं. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ७ टक्के घसरला. २८ मे रोजी निकाल आला तेव्हा प्रत्यक्ष बोजा ४.५ अब्ज निघाला, कारण काही माल दुसरीकडे वापरता आला. त्याच तिमाहीत एकूण विक्री ४४.१ अब्ज डॉलर होती.

मूळ कागदात कमाल अंदाज आहे की पक्का आकडा, फटका एकदाच बसणार की दर तिमाहीला, एवढं जरी शोधलंत तरी मथळ्याच्या पुष्कळ पुढे जाता.

फॉर्म ४ बद्दल थोडं. "जेन्सन हुआंग यांनी शेअर विकले" ही कंपनीच्या प्रमुखांची बातमी वरचेवर येते आणि लोक दचकतात. त्यांची बरीच विक्री कित्येक महिने आधी ठरवून नोंदवलेल्या योजनेनुसार होते. फॉर्मच्या तळटिपेत '१०बी५-१' असा उल्लेख दिसला, की ती विक्री आजच्या बातमीला धरून नाही असं समजा.

> सावध: व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटात आलेला "आतल्या गोटातला" निरोप या पायरीवर जागीच संपतो. सांगणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून बघा. "आमच्या ॲपवर पैसे टाका, आम्ही अमेरिकी शेअर घेऊन देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

## पायरी ३: बातमी धंद्याच्या कोणत्या भागाची आहे

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, आणि चांगली जाणकार माणसंही चुकतात. एनव्हिडिया म्हणजे ग्राफिक्स कार्ड, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नवं कार्ड मिळत नाही, किंमत चढलीय, गेम खेळणारी पोरं नावं नोंदवून थांबलीयत, हे डोळ्यांनी दिसतं. त्यावरून शेअरचा अंदाज बांधला जातो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलेल्या तिमाहीत कंपनीची विक्री ५७ अब्ज डॉलर होती. त्यातली ५१.२ अब्ज डेटा सेंटरची, म्हणजे जवळपास ९० टक्के. गेमिंगची ४.३ अब्ज, साडेसात टक्क्यांच्या आसपास. नव्या कार्डाची किंमत, कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी, दुकानातली टंचाई या बातम्या कार्ड घेणाऱ्यासाठी महत्त्वाच्या आहेत. शेअर धरणाऱ्यासाठी त्यांचं वजन विक्रीतल्या या हिश्शाएवढंच.

६ जानेवारी २०२५ ला लास वेगासमध्ये आरटीएक्स ५० मालिकेची घोषणा झाली. त्यातलं ५०९० कार्ड १,९९९ डॉलरचं. दुसऱ्याच दिवशी शेअर ६ टक्क्यांहून जास्त पडला. कार्ड वाईट होतं असा त्याचा अर्थ नाही. शेअर आदल्या दिवशीच उच्चांकावर बंद झाला होता, आणि कार्डाच्या कौतुकावर एवढी मोठी किंमत टिकत नसते.

पूर्वी मात्र चित्र वेगळं होतं. क्रिप्टोचं खाणकाम करणाऱ्यांनी कार्डं उचलली आणि नंतर ती मागणी आटली, तेव्हा १६ नोव्हेंबर २०१८ ला शेअर एका दिवसात सुमारे १९ टक्के पडला होता. क्रिप्टोमुळे गेमिंगची विक्री किती वाढली हे नीट उघड न केल्याबद्दल सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या कारवाईत कंपनीनं २०२२ मध्ये ५५ लाख डॉलर दंड भरला. तेव्हाचं गणित आज लावायचं नाही, पण एक प्रश्न तिथूनच घ्यायचा: आजची मागणी कोणाची आहे आणि ती एकदम थांबू शकते का? डेटा सेंटरची विक्री मोजक्या मोठ्या ग्राहकांकडे एकवटलेली आहे. म्हणून मायक्रोसॉफ्ट, मेटा, ॲमेझॉन, गुगल येत्या वर्षात यंत्रसामग्रीवर किती खर्च करणार, ही बातमी नव्या कार्डाच्या बातमीपेक्षा तुमच्या कामाची. चिपा तैवानची टीएसएमसी बनवते. ती दर महिन्याच्या १० तारखेच्या सुमाराला विक्रीचे आकडे देते, तेही बघत जा.

## पायरी ४: आकडा अपेक्षेशी ताडा

"विक्री दुपटीहून जास्त झाली, तरी शेअर पडला, हा काय न्याय?" असं लोक तळमळून विचारतात. २८ ऑगस्ट २०२४ ला तसंच झालं. तिमाहीची विक्री ३० अब्ज डॉलर, वर्षभरात १२२ टक्के वाढ, वर ५० अब्जांची शेअर पुनर्खरेदी. दुसऱ्या दिवशी शेअर ६ टक्क्यांहून जास्त खाली. आधीच्या तिमाहीतली वाढ २६२ टक्के होती आणि बाजारानं त्याहून मोठी स्वप्नं भावात आधीच घालून ठेवली होती.

म्हणून निकालाच्या आदल्या दिवशी वहीत दोन आकडे लिहून ठेवा. पहिला, या तिमाहीसाठी कंपनीनं मागच्या वेळी स्वतः दिलेला अंदाज. एनव्हिडिया तो "अमुक अब्ज, २ टक्के वर-खाली" असा देते. दुसरा, विश्लेषकांची सरासरी अपेक्षा. निकाल आला की प्रत्यक्ष आकडा या दोन्हींच्या शेजारी मांडा. मग पुढच्या तिमाहीचा नवा अंदाज बघा, कारण भाव बहुधा त्याच्यावरच हलतो. मागच्या वर्षीशी तुलना सगळ्यात शेवटी.

> तपासा: भाव एकदम दहाव्या हिश्शावर दिसला तर घाबरण्याआधी शेअर-विभाजन झालंय का बघा. १० जून २०२४ ला एकाचे दहा झाले. आधी हजार-बाराशे डॉलर दिसणारा शेअर १२० च्या आसपास दिसू लागला. तुमच्या शेअरची संख्या दहापट झालेली असते, पैसे तेवढेच.

## पायरी ५: पहिल्या तासात हात लावू नका

ही पायरी छोटी, पण सगळ्यात जास्त मोडली जाते.

१९ नोव्हेंबर २०२५ चा निकाल आपल्याकडे २० तारखेच्या पहाटे आला. सकाळी उठलेल्यांना बाजारोत्तर व्यवहारात शेअर चढलेला दिसला. अंदाज ५४ अब्जांचा होता, विक्री ५७ झाली आणि पुढचा अंदाज ६५ अब्जांचा. सगळंच चांगलं. रात्री ८ ला बाजार उघडला तेव्हा भाव ५ टक्क्यांपर्यंत वर. ज्यांनी दिवसभर वाट बघून ठीक ८ ला घेतलं, त्यांनी त्या दिवसातला जवळजवळ सर्वांत महाग भाव दिला, कारण रात्री अडीचला शेअर आदल्या दिवसापेक्षा सुमारे ३ टक्के खाली बंद झाला.

निकालात खोट नव्हती. बाजाराला बातमी पचवायला वेळ लागतो, एवढंच. निकालानंतर बाजाराचा एक पूर्ण दिवस जाऊ द्या. वहीतली विकण्याची अट पूर्ण झाली असेल तरीही. जी घटना तुमचं कारण खरोखर मोडते, ती उद्याही मोडलेलीच असते.

## पायरी ६: ऑर्डर टाकणं

आता वही उघडा. विकण्याच्या ओळीतली घटना घडलीय का? नाही. ठरलेल्या हप्त्याची तारीख आज आहे का? नाही. मग काम संपलं, मोबाईल ठेवा. बहुतेक बातम्यांचं उत्तर हेच निघेल.

उत्तर हो असेल, तर लिमिट ऑर्डर टाका. जास्तीत जास्त किती देणार किंवा कमीत कमी कितीला विकणार, तो भाव आधी ठरवा. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, बातमीच्या दिवशी कुठेही लागते. काही ॲपवर शेअरच्या तुकड्यासाठी लिमिट ऑर्डर चालत नाही. तसं असेल तर बाजार उघडल्यानंतरचा पहिला तास टाळा.

> सावध: उधारीवर, म्हणजे मार्जिनवर, शेअर घ्यायला रिझर्व्ह बँकेच्या रेमिटन्स योजनेतून पैसे पाठवता येत नाहीत. एनव्हिडियाच्या रोजच्या हालचालीच्या दुप्पट हलणारे फंडही असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. शेअर १०० वरून ९० ला आला आणि परत १०० ला गेला, तर दुप्पटवाला फंड १०० वरून ८० ला येतो आणि पुढे ९७.८ वरच थांबतो. शेअर होता तिथे परतला, तुमचे पैसे मात्र परतले नाहीत.

## इथल्या शेअरवर तीच बातमी लागू करताना

एनव्हिडिया मुंबईच्या बाजारात नाही. म्हणून लोक "एनव्हिडियाशी संबंधित" भारतीय शेअर शोधतात. नेटवेब टेक्नॉलॉजीजसारखी कंपनी एनव्हिडियाच्या चिपा वापरून सर्व्हर बनवते, हे खरं. पण एनव्हिडियाची अमेरिकेतली विक्री वाढली म्हणून इथल्या कंपनीच्या ऑर्डर वाढल्या असं होत नाही. तिच्या ऑर्डरची नोंद एनएसई-बीएसईवरच्या तिच्या स्वतःच्या घोषणांत शोधा, आणि नुसत्या 'भागीदारी'च्या घोषणेत रुपयांचा आकडा नसेल तर ती बाजूला ठेवा.

अमेरिकेतल्या नॅसडॅक १०० निर्देशांकाचा ईटीएफ (बाजारात शेअरसारखा विकला जाणारा फंड) घेणार असाल, तर आधी त्याचं चालू निव्वळ मूल्य बघा. परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे फंड कंपन्यांना नवे युनिट काढायला अडचण येते आणि बाजारातला भाव खऱ्या मूल्याच्या वर जातो. ते अधिकचे पैसे देऊन घेतलं, तर एनव्हिडिया चढूनही तुमचा तोटा होऊ शकतो.

## पायरी ७: नोंद आणि कर

व्यवहार झाल्या रात्रीच तारीख, डॉलरमधला भाव, शेअरची संख्या आणि कारण लिहा. जुलैमध्ये शाहूपुरीतल्या कर सल्लागारासमोर बसून हे आठवत नाही.

२४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलात तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकलात तर तुमच्या स्लॅबप्रमाणे, आणि दोन्हींवर उपकर. बातमीवर घाईनं विकण्याचा हा खर्च विकण्याआधी मोजा. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापले जातात, त्याची वजावट इथे मागता येते. त्यासाठीचा वेगळा फॉर्म वेळेत भरायला हवा.

एक जरी शेअर असला तरी आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ किंवा ३ मध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेची अनुसूची) भरावं लागतं, आणि त्यात हिशेब एप्रिल-मार्चचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा असतो. ब्रोकरकडून ३१ डिसेंबरचं विवरण जानेवारीतच उतरवून घ्या. ही माहिती दडवली, तर काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. जमिनी-घरं सोडून परदेशी मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडात सूट आहे, पण अनुसूची भरायची सुटका नाही.

आणि घरच्यांना खात्याची माहिती द्या. भारतात राहणाऱ्या माणसाच्या नावावर अमेरिकी कंपन्यांचे शेअर ६०,००० डॉलरच्या वर असतील, तर त्याच्या मृत्यूनंतर वारसांना अमेरिकेचा वारसा कर लागू होऊ शकतो. रक्कम त्या आसपास पोचली असेल, तर पुढचा हप्ता टाकण्याआधी सल्लागाराला हा प्रश्न विचारा आणि ब्रोकरचं नाव, खाते क्रमांक आणि नोंदवलेला ईमेल वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.